यादीवाले काका

यादीवाले काका कामचुकार मुळीच नाहीत. कामाची पूर्वतयारीच एवढी दांडगी, की कामाला सवड उरत नाही. असले काका सोलापुरात जोडबसवण्णा चौकापासून सात रस्त्यापर्यंत कुठंही भेटतील. शर्टाच्या खिशात तीन रंगांची पेनं, काखेत डायरी आणि चेहऱ्यावर उद्यापासून सुरुवात करणाऱ्याचं तेज!

आमच्या गल्लीतल्या काकांनी डेव्हिड अ‍ॅलन यांचं कामं उरकण्यावरचं २००१ सालचं पुस्तक तीनदा वाचलंय. त्यातला नियम असा, की दोन मिनिटांत होणारं काम लगेच उरकायचं. न्हाणीघरातला बल्ब बदलायला दोन मिनिटं लागतील की अडीच, हा काकांचा विचार दिवाळीला सुरू झाला. आता गड्ड्याची जत्रा आली.

मध्यंतरी पोमोडोरोचं वेड होतं. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्यानं टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास केला, त्यातून निघालेली ही पद्धत. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. काकांनी विश्रांतीपासून सुरुवात केली. पोमोडोरो म्हणजे टोमॅटो, हे कळल्यावर काकू म्हणाल्या, "मग येताना अर्धा किलो आणा की!" ते अजून यादीतच आहेत.

परवा काका भिंतीवर आयसेनहॉवरची चौकट आखत होते. तातडीचं एकीकडं, महत्त्वाचं दुसरीकडं. रात्री एकला गल्लीत आरोळी उठली, "पाणी आलं बे!" चार-पाच दिवसांनी आलेलं पाणी! जो तो मोटार, पाइप, घागरी घेऊन धावला. नळाला उजनीचं पाणी आलं, की सोलापूरकराला प्राधान्यक्रम शिकवावा लागत नाही. काका मात्र पट्टी धरून उभेच. पाणी तातडीचंही आणि महत्त्वाचंही. मग लाल पेन की निळं?

लाल पेन सापडेपर्यंत काकूंनी टाकी, पिंप, हंडे आणि शेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरलं. नळानं फुस्स केलं.

काकांनी डायरी उघडली, 'पाणी भरणे' असं सुवाच्य लिहिलं आणि लगेच पुढं बरोबरची खूण केली. "बघ, पद्धत असली की कामं कशी भराभर होतात!"

काकूंनी ओला पदर पिळला. "झोपायच्या आधी हातपाय धुऊन घ्या. न्हाणीघरात अंधार आहे, जपून जावा."