दोन रंगांची पाच बोटं

पुण्यात हातमोजे घालतात ते उन्हासाठी. एप्रिलच्या दुपारी कुठल्याही सिग्नलला उभं राहा. दंडापर्यंत सुती हातमोजे चढवलेल्या, ओढणीतून फक्त डोळे दिसणाऱ्या मुली स्कूटरवर दिसतील. थंडीचं म्हणाल तर डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे बोटं गारठतात, पण चहाचा कप दोन्ही हातांत धरला की काम भागतं. अशा शहरात बसून मी लोकरीचे नक्षीदार हातमोजे विणतो. पाचही बोटांचे, दोन रंगांत. त्यात मी साठी ओलांडलेला पुरुष.

बाईने सुया हातात घेतल्या की लोक विचारतात, काय विणताय? पुरुषाने घेतल्या की विचारतात, का विणताय? सोसायटीच्या बागेत बाकावर बसलो असलो की शेजारच्या काकू थबकतात.

"स्वेटर का हो?"

"नाही, हातमोजे."

"अगंबाई! नातवाला वाटतं? तिकडे बर्फ पडतो ना त्यांच्याकडे?"

नातवालाही होतील, असं काहीतरी पुटपुटून मी सुटका करून घेतो. खरं म्हणजे ते कुणालाच नसतात. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवणाऱ्याला 'कुणासाठी सोडवताय' असं कुणी विचारत नाही. लोकर हातात आली की मात्र तिला अंग हवंच, आणि त्या अंगाचं नाव-गाव सगळ्यांना कळायला हवं.

स्वेटरही विणले आहेत मी. पण स्वेटरची पाठ ही वीतभर झाली तरी पाठ असते आणि हातभर झाली तरी पाठच असते. हातमोज्यात कंटाळ्याला जागाच मिळत नाही. मनगटाशी दोन सुलट, दोन उलट अशी लवचीक पट्टी. ती संपते न संपते तोच नक्षी सुरू. नक्षीत जीव रमतोय तोवर अंगठ्याची कळी वाढवायला घ्यायची. कळीचे टाके एका दोऱ्यावर ओवून बाजूला ठेवले की तळवा, आणि तळवा हाताशी आला की बोटं. सगळा ऐवज झब्ब्याच्या खिशात मावतो. दवाखान्यात नंबर येईपर्यंत मनगटपट्टी सहज होते.

नक्षी असते चौकटीच्या कागदावर. काळं घर, पांढरं घर, बस. गोल विणायचं असल्याने टाके सगळे सुलट. कागद वाचायचा खालून वर आणि उजवीकडून डावीकडे. एका फेरीत रंग दोनच, हा या विणीचा जुना कायदा. एक दोरा उजव्या हातात, एक डाव्या. ज्याची पाळी नसेल तो मागच्या बाजूने आडवा निघून जातो आणि पाळी आली की पुढे येतो. हे एकदा हाताला समजलं की मग डोळे कागदावर आणि ओठांवर पुटपुट: तीन काळे, एक पांढरा, एक काळा, एक पांढरा. त्या वेळी कुणी बोलायला आलं की माझ्याकडून उत्तरादाखल 'तीन काळे' एवढंच जातं.

हे मागचे दोरे हा खरा कारागिरीचा भाग, आणि तो कुणाला दिसत नाही. दोरा फार ताणला तर नक्षी चुरगळते. फार लांब मोकळा सोडला तर हातमोजा घालताना बोटं त्यात अडकतात, आणि बोटात अंगठी असेल तर विचारायलाच नको. म्हणून एका रंगाचे पाचाहून जास्त टाके सलग आले की मागच्या दोऱ्याला मध्येच एक पीळ देऊन अडकवायचं. शिवाय दोन दोऱ्यांपैकी जो मागून खालच्या बाजूने चालतो, त्याचा रंग पुढे किंचित जास्त उठून दिसतो. त्यामुळे खालचा कोण आणि वरचा कोण, हे पहिल्या फेरीत ठरवायचं आणि शेवटच्या बोटापर्यंत बदलायचं नाही.

"साधे विणले असतेत तर थंडी जास्त वाजली असती का?" हा आमच्या घरातला प्रश्न. विचारणारीचा सूर असा, की उत्तराची अपेक्षाच नाही. पण उत्तर आहे, आणि ते माझ्या बाजूचं आहे. हो, जास्त वाजली असती. मागून जाणाऱ्या त्या आडव्या दोऱ्यांचा आत दुसरा थर तयार होतो, आणि दोन थरांमध्ये हवा कोंडून राहते. नक्षीचा हातमोजा साध्यापेक्षा खरोखरच उबदार असतो. नटण्याची हौस एवढी उपयोगी पडल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. अर्थात, लोक उबेसाठी नक्षी विणू लागले असं कुणी सांगितलं तर माझा त्यावर विश्वास बसणार नाही. नक्षी हवी होती म्हणून विणली. ऊब मागाहून आली.

याला पुरावा म्हणून मी सँकर पुढे करतो. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य भागातलं हे एवढंसं गाव दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं: १७१२ पासूनचं पोस्ट ऑफिस आणि काळे-पांढरे हातमोजे. बारीक लोकर, त्याहून बारीक सुया, आणि तळहातावर चौकटीच चौकटी. एक चौकट गडद, शेजारची फिकट, आणि प्रत्येकीत चिमुकली नक्षी. या नक्ष्यांना नावं आहेत. एक 'ड्यूक', एक 'ड्रम', आणि एकीचं नाव तर 'चिलट आणि माशी'. स्कॉटलंडमधली चिलटं उन्हाळ्यात माणसाला फोडून खातात म्हणे. त्यांनाही सँकरच्या बायकांनी हातमोज्यावर बसवून टाकलं. बोटांच्या मधल्या फटींतसुद्धा त्यांनी इवल्या त्रिकोणी कळ्या घातल्या, म्हणजे मूठ वळली तरी ओढ बसू नये. एवढा विचार आपल्याकडचा शिंपी सदऱ्याच्या बगलेतही करत नाही हल्ली.

सँकरच्या हातमोज्यात मनगटाजवळ घालणाऱ्याची आद्याक्षरं विणायची रीत आहे. रोमन अक्षरं या कामाला फारच सोयीची: उभ्या काठ्या, आडव्या काठ्या, मध्ये भरपूर मोकळी जागा. मी मराठी अक्षरं विणायची ठरवली आणि शिरोरेषेपाशी गोष्ट रंगली. वरवर पाहता तिच्याइतकं सोपं काही नाही, एक सबंध फेरी काळी. पण फेरी सबंध काळी झाली की पांढरा दोरा मागे बेकार होतो, आणि दर चार टाक्यांनी त्याला हाक मारून अडकवावं लागतं. 'ग' आणि 'प' ही अक्षरं गुणी. 'क' जरा जागा खातो. आणि माझ्या पत्नीचं नाव 'क्ष'ने सुरू होतं. तिचं मनगट बारीक आहे, एवढंच सांगतो.

नॉर्वेतल्या सेल्बू गावची कथा याहून थोरली. ट्रॉन्डहाइमजवळच्या या गावात १८५७ च्या सुमारास मारित गुल्दसेटब्रुआ या सोळा वर्षांच्या मुलीने काळ्या-पांढऱ्या लोकरीत आठ पाकळ्यांचं फूल विणलं आणि बहिणींसह ते हातमोजे घालून चर्चला गेली. त्या दिवशी प्रवचनाकडे कितीजणींचं लक्ष होतं कोण जाणे. पुढे अख्खा गाव ते फूल विणू लागला, आणि पुढच्या शतकात त्यावर गावाची मोठी कमाई झाली. लॅटव्हियात तर नवरी लग्नाआधीपासून पेटीभर हातमोजे विणून ठेवी आणि लग्नात सासरच्या माणसांना वाटत असे. २००६ साली रीगा शहरात नाटोची शिखर परिषद भरली, तेव्हा पाहुण्यांसाठी लॅटव्हियातल्या बायकांनी साडेचार हजार जोड हाताने विणून दिले. सैन्याच्या गोष्टी करायला आलेल्या माणसांच्या हातात लोकरीचे मोजे देण्यातली गंमत त्यांना नक्कीच कळलेली असणार.

पण हे सगळं कौतुकाने सांगताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. मला हौस आहे म्हणून मी विणतो. ज्यांच्या हातांनी ही कला वाढवली, त्यातल्या पुष्कळांना पोट होतं म्हणून ते विणत. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात डेंट नावाचं खोरं आहे. तिथे बाया विणत, बापे विणत, पोरं विणत, गाडीमागून चालतानाही विणत. कमरेच्या पट्ट्यात एक लाकडी म्यान खोचायचं, त्यात एका सुईचं टोक रुतवायचं, म्हणजे एक हात मोकळा. ही म्यानं तरुण मुलं कोरून आपल्या आवडत्या मुलीला देत. हा भाग गोड आहे. संध्याकाळी मेणबत्ती आणि सरपण वाचावं म्हणून शेजारपाजारचे सगळे एकाच घरात जमत आणि गाण्याच्या तालावर टाके मोजत. हाही वरून गोडच. पण रॉबर्ट साउदी या कवीने आपल्या 'द डॉक्टर' या पुस्तकात दोन लहानग्या बहिणींची हकीकत दिली आहे. त्यांना लँगडेलहून विणकाम शिकायला डेंटला धाडलं. तिथे उठल्यापासून झोपेपर्यंत सुया. अखेर दोघी पळाल्या आणि डोंगरदऱ्यांतून चालत, वाटेत मागून खात, आपल्या घरी पोचल्या. विणकामाच्या इतिहासात मला सर्वांत आवडणारी माणसं कोणती असं विचाराल, तर विणकाम टाकून पळालेल्या या दोघी.

आपल्या देशातही एक हातमोज्यांचं गाव आहे, नव्हे, खोरंच आहे. हिमाचलातलं लाहौल. १८५० च्या दशकात मोरेव्हियन पंथाचे दोन जर्मन मिशनरी, हाइडे आणि पागेल, मंगोलियाला जायला निघाले होते. वाटेतल्या तिबेटाने त्यांना आत घेतलं नाही, म्हणून ते लाहौलात केलाँगला राहिले. हाइडेची पत्नी मारिया हिने तिथल्या बायका-मुलींसाठी विणकामाची शाळा सुरू केली. धर्मप्रसाराच्या बाबतीत मिशनच्या हाती फारसं काही लागलं नाही, लाहौलचे बौद्ध बौद्धच राहिले. सुया मात्र त्यांनी आनंदाने घेतल्या आणि त्यांवर आपले रंग चढवले. सँकरचा काळा-पांढरा सोवळेपणा लाहौलला मानवत नाही. तिथे लाल, पिवळा, हिरवा, निळा, सगळे एकाच मोज्यावर नांदतात. रोहतांगची खिंड बर्फाने बंद झाली की लाहौल महिनोन् महिने जगापासून तुटायचा, आणि तो सगळा हिवाळा विणण्यात जायचा. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि ते तुटलेपण संपलं. पुढच्याच वर्षी लाहौलच्या हाताने विणलेल्या पायमोज्यांना आणि हातमोज्यांना भौगोलिक मानांकन मिळालं.

आता बोटं. तळव्याचे टाके पुढचे आणि मागचे असे वाटून प्रत्येक बोटाला त्याचा हिस्सा द्यायचा, आणि फटीत भर म्हणून दोन-चार नवे टाके घालायचे. करंगळी आधी, कारण ती इतरांहून जरा खाली फुटते. हे कळण्यासाठी आधी आपला हात नीट बघावा लागतो, आणि इतकी वर्षं तो हात वापरूनही आपण त्याच्याकडे पाहिलेलंच नसतं. मग वीस-बावीस टाके तीन सुयांवर, चौथीने विणायचं, बाकीच्या बोटांचे टाके दोऱ्यांवर लोंबकळताहेत, दोन गुंडे एकमेकांत गुरफटताहेत, असं साळिंदर हातात धरून बसायचं. एवढ्याशा नळीवर नक्षी बसेल कशी असं वाटतं, आणि ती बसते. टोकाशी टाके कमी करत आणायचे, उरलेल्यांतून दोरा ओवून आवळायचा, आणि बोट झालं. पहिलं बोट झालं की मी ते घालून पाहतो. बाकीच्या हातातून सुया बाहेर आलेल्या असतात, आणि करंगळी तेवढी नटून बसलेली असते. नेमका तेव्हाच फोन वाजतो. लोकरीच्या बोटाला फोनचा पडदा ओळखत नाही, हा या हातमोज्यांचा आणखी एक गुण.

दुसरा हातमोजा विणणाऱ्यांच्या जगात बदनाम आहे. पहिला हौसेने होतो आणि दुसरा कपाटात राहतो, अशी त्याची ख्याती. माझं मत वेगळं आहे. पहिला विणताना आपण कागदाचे नोकर असतो. दुसऱ्याच्या वेळी नक्षी पाठ झालेली असते, पुढे काय येणार ते माहीत असतं, आणि अंगठा तेवढा बाजू बदलून आलेला असतो. रागदारीत बंदिश दुसऱ्यांदा ऐकताना जास्त रंगते, हे मान्य करणाऱ्यांनी दुसऱ्या हातमोज्याला नावं ठेवू नयेत.

आपली माणसं दर मे महिन्यात मनालीला जातात, बर्फासाठी भाड्याचे गमबूट आणि भाड्याचेच रबरी हातमोजे चढवून फोटो काढतात आणि परततात. त्यांना माझी एक विनंती आहे. बोगद्यातून पलीकडे जा, केलाँगपर्यंत जा. तिथल्या बायकांनी विणलेला एक जोड घ्या. घेण्याआधी तो उलटा करून आतले दोरे बघा. ते सारखे आणि आटोपशीर असले की समजायचं, विणणारीचा हात बसलेला आहे. आणि ती सांगेल ती किंमत द्या. दहा बोटांचं काम आहे, घासाघीस करू नका.