जातोच आहेस तर…

म्हसळ्याच्या स्टँडवर पहाटेच्या मुंबई गाडीत खिडकी मिळाली म्हणून जरा डोळे मिटावेत, तर काचेवर टकटक. बाहेर नाना. हातात दुधाची वाटावी अशी पिशवी. पण आत दूध नाही, हे ती ज्या वजनाने लोंबते त्यावरूनच कळतं.

"जातोच आहेस तर एवढं बघ."

'एवढं' म्हणजे दोनेक किलो लोखंड. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, ग्रीसने अग्रलेखापासून राशिभविष्यापर्यंत सगळं एकजीव झालेलं. याला नाना 'नमुना' म्हणतात. मी दाढेचं रूट कॅनल करायला निघालो होतो, हे मी सांगितलंही. नाना म्हणाले, "मग दोन तास रिकामाच की."

असा माणूस तुमच्याही गावात असणार. कुणाचा ग्रामोफोन असेल, कुणाचं भिंतीवरचं घड्याळ. आमच्या नशिबी ट्रक आला. टाटा मर्सिडीज-बेंझ, 1210, पुढे नाक असलेला. कागदावर जिल्हा अजून कुलाबा. रायगड व्हायला 1981 उजाडायचं होतं. एके काळी श्रीवर्धनची सुपारी आणि कोळशाची पोती घेऊन हा ट्रक घोणशाचा घाट चढायचा. आता नानांच्या पडवीला लागून पत्र्याखाली उभा आहे. बावीस वर्षं 'होतच आलाय'.

नानांना पार्ट मिळवायची पद्धत एकच ठाऊक: गावातून कुणीतरी कुठेतरी जातच असतं. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या पोरीच्या सामानात व्हील सिलिंडर गेलाय. कतारला निघालेल्या पोराला त्यांनी टाय रॉडचा तुकडा दिला, विमानतळावर त्या पोराला बाजूला घेऊन "ये क्या है?" असं तिघांनी आळीपाळीने विचारलं. पोराला तरी कुठे ठाऊक होतं? तो म्हणाला, "नाना का है." वऱ्हाडाची बस निघाली की नवरदेवाच्या आधी नाना चढतात, पिशवी ठेवून उतरतात. माझ्या आत्याला काशीला जाताना दिलेला नमुना तिने गंगेत सोडला असा मला दाट संशय आहे. नाना मात्र अजून तिची चौकशी आपुलकीने करतात.

त्या दिवशी दाढ बधिर असतानाच मी कुर्ल्याला सी. एस. टी. रोडवर गेलो. तिसऱ्या दुकानातल्या चाचांनी नमुना हातातही घेतला नाही. म्हणाले, "म्हसळा?" मी तोंडाचा जो भाग हलत होता त्यातून हो म्हटलं. "इस महिने में आप तीसरे हो." मग गल्ल्यामागची फळी दाखवली. आमच्या गावातल्या लोकांनी कंटाळून सोडून दिलेले सात नमुने तिथे रांगेत होते. मी माझा आठवा ठेवला.

एका गोष्टीत नानांना मानावं लागतं: इंजिनासाठी ते कुणाचा जीव खात नाहीत. या घराण्याच्या इंजिनांचं सामान फिरून फिरून कुठेतरी मिळतं, नाही तर लेथवाला गनमेटलचा बुश काढून देतो. अडतं ते तोंडाशी. हेडलाइटची रिंग, काचेचं रबर, दाराची मूठ; आणि सगळ्यात वर, जाळीवरचा तारा. टाटांची टेल्को आणि डाईमलर-बेंझ यांचा करार 1954 चा, पंधरा वर्षांचा. 1969 ला तो संपला, तसा ट्रकांवरचा तारा जाऊन तिथे 'टी' आला. नानांचा ट्रक ताऱ्याच्या काळातला. तारा मात्र कुणीतरी काढून नेलेला. जाळीवर जिथे तो होता तिथला रंग उन्हाने उडाला नाही, म्हणून एक गडद तीन पायांची सावली राहिली आहे. नानांनी तिच्यावर लग्नपत्रिका धरून पेन्सिल घासली आणि ठसा कापून घेतला. चोरबाजारात शुक्रवारी पहाटे रस्त्यावर माल लागतो, म्हणून माझी दाढेची पुढची तारीखही शुक्रवारची घ्यायला लावणारे हेच. तिथे तारे ढीगभर मिळाले, पण मोटारींचे. ठशावर ठेवले की मोठ्या कपाळावर छोटं कुंकू.

मध्यंतरी ट्रकचा मान वाढेल अशी आशा आली होती. केंद्राने 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले: पन्नास वर्षांहून जुनी गाडी, नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला 20,000 रुपये. नाना पैसे मोजून बसले. मग कुणीतरी नियम पुरता वाचून दाखवला: दुचाकी किंवा खासगी वापराची चारचाकी. मालवाहू नाही. नाना बराच वेळ ट्रकची सहा चाकं मोजत राहिले, जणू दोन कमी निघाली तर बघावं. मग म्हणाले, "म्हणजे महाराजांची रोल्स वारसा. त्यांच्या वाड्याला चिरे वाहून आणणारा भंगार." एवढं शहाणं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. लगेच त्यांनी मला विचारलं, दिल्लीला कधी जातोयस?

या ट्रकचा खरा जाणकार एकच, आमच्या मोहल्ल्यातले मिस्त्रीचाचा. पाना न लावता, नुसता नट बोटांत फिरवून ते सांगायचे, "डावा." डाव्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात; नानांच्या डब्यात सगळे एकत्र झालेले. गेल्या पावसाळ्यात चाचा अंथरुणाला खिळले. भेटायला जाताना आम्ही नानांच्या दोन्ही बाजूंनी चालत होतो. भीती एकच: हा माणूस आता उशाशी वाकून म्हणेल, जातोच आहेस तर…

नाना वाकले. चाचांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि पेज घेतली का, एवढंच विचारलं.

चार दिवसांनी जनाज्याला खांदा द्यायला नाना माझ्या पुढे होते. सदऱ्याचा उजवा खिसा खाली ओढलेला, पावलागणिक मांडीवर आपटत होता. कब्रस्तानातून परतताना त्यांनी तो नट काढला, बोटांत फिरवला आणि परत ठेवला.

"विचारायचं राहिलं," म्हणाले.

पुढच्या सोमवारी मी पुण्याला निघालो. स्टँडवर काचेवर टकटक झाली नाही. कंडक्टरने घंटी मारायच्या आत मी उतरलो, नानांच्या घरापाशी गेलो. नाना पडवीत नुसते बसले होते.

"नाना, जातोच आहे तर…"

नाना उठले, आत गेले आणि दोन पिशव्या घेऊन आले.