रांग नसलेली बँक

शाखा नाही, रांग नाही, कागद नाही! मोबाइलमधल्या बँकेची ही जाहिरात मंगरूळपीरच्या माणसाला धमकीसारखी वाटते. पासबुकात एंट्री नसेल, तर ठेव ठेवल्याचे घरी पटवायचे कसे?

खाते मात्र मिनिटांत उघडते म्हणे. 2020 पासून रिझर्व्ह बँकेने व्हिडिओवरून ओळख पटवायला परवानगी दिली आहे. पलीकडचा साहेब पॅन कार्ड कॅमेऱ्यापुढे धरायला सांगतो आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. सोयाबीनचे पैसे तोवर बिनव्याजी खिशात.

कोटक महिंद्रने तर 2017 साली आपल्या डिजिटल खात्याचे नावच 811 ठेवले, नोटाबंदीच्या 8 नोव्हेंबरवरून. रांग नको म्हणणाऱ्या खात्याला अख्खा देश रांगेत उभा करणाऱ्या तारखेचे नाव! बारशाला आत्याबाई फार विनोदी असाव्यात.

ठेवीचे तसे भय नाही. मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंत विमा आहे. शाखेतल्या ठेवीला आणि मोबाइलमधल्या ठेवीला तोच. फक्त चकचकीत ॲपमागे परवाना असलेली बँक कोणती, एवढे बघावे. ॲप म्हणजे बँक नव्हे.

हे सगळे ऐकून पारावरच्या एका बुवांनी विचारले, "मॅनेजर कोठी बसते?"

कुठेच नाही.

"मंग भांडाचं कोनासंग?"

त्यासाठी चॅटबॉट आहे. त्याने तीन पर्याय दाखवले. त्यात भांडण नव्हते.