म्हसोबाला बांगड्या

माझ्या कादंबरीत बारा देव होते. पावसाचा एक, युद्धाचा एक, चोरांचासुद्धा एक, असं चोख खातेवाटप. माणसाने एकाच देवाशी इमान राखायचं. दुसऱ्याच्या देवळात पाऊल टाकलं की मुंडकं उडालंच. टेरी प्रॅचेटच्या ‘स्मॉल गॉड्स’मध्ये (१९९२) भक्त आटल्यामुळे एका देवाचं कासव होतं. माझे देव त्याहून भारदस्त. त्यांचा तक्ता भिंतीला डकवून, ऐन पावसात, मी कशेळ्यात खोली घेऊन लिहायला बसलो होतो.

घरमालकीण आजींनी तक्ता निरखला. “यांच्यात घरचा कंचा?”

मग त्यांचे देव ऐकले. देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक. कुळाची कार्ल्याची एकवीरा. वेशीला गावदेवी, बांधावर म्हसोबा, विहिरीवर साती आसरा. अंगारकीला महडचा वरदविनायक. तिथला नंदादीप १८९२ पासून तेवतोय म्हणतात. शिवरात्रीला खांडसवरून घाट चढून भीमाशंकर. वाडीवरच्या ठाकरांचा बहिरी ढाकच्या कड्यातल्या गुहेत बसतो. त्याच्याकडची भांडी घ्यायची, रांधायचं, जेवायचं, घासून परत ठेवायची. (ही सोय माझ्या बारांपैकी एकालाही सुचली नव्हती.)

“पण एवढ्यांत तुम्ही नक्की कोणाच्या?”

“मी माज्या घरची. ज्याचं ठाणं वाटंवर, त्याला इसरायचं नाय, बास.”

आवणी उरकली होती, शेताची राखण द्यायची होती आणि आजींचे गुडघे धरले होते. मी लगेच पुढे सरसावलो. लेखकाला अनुभव लागतो. त्यांनी दोन काळ्या पिशव्या दिल्या आणि कोणती कोणाची ते नीट सांगितलं. मी तेव्हा वहीत ‘राखण’ असं लिहून त्याखाली रेघ ओढत होतो.

बांध साबणाच्या वडीसारखा होता. मी आवणात बसलो, उठलो, पुन्हा बसलो. पिशव्या कशाबशा वाचल्या. म्हसोबापुढे एक सोडली, तर आत हिरव्या बांगड्या, खण, हळदकुंकू. दुसऱ्या कोणाच्या मनात शंका आली असती. माझ्या मनात प्रकरण सातवं आलं: ‘उग्र पुरुषदेवतेचं सुप्त स्त्रीरूप’. भिजत भिजत मी त्या शेंदरी धोंड्याला भक्तिभावाने बांगड्या वाहिल्या.

विहिरीवर दुसऱ्या पिशवीतून अंडी, लिंबू आणि विडीचं बंडल निघालं. ‘आसरांची बंडखोर परंपरा’, मी टिपलं. काड्या सादळलेल्या, तरी सात बहिणींसाठी एक विडी पेटवून ठेवलीच.

घरी येऊन मी दोन्ही निष्कर्ष आजींना वाचून दाखवले. त्यांनी पदर तोंडाला लावला. बराच वेळ काढलाच नाही.

“म्हसोबाचं ऱ्हाऊ द्या,” शेवटी त्या म्हणाल्या, “बायकू घालंल त्याची. पन आसरांपुढची इडी उचलून आना आदी.”

“आणि त्यांना काय सांगू?”

“सांगा, लेखक हाय. त्या समजून घेतील.”