ठासणीकाका

अमेरिकेत सर्दीच्या काही गोळ्या घ्यायच्या तर औषधवाला ओळखपत्र मागतो, नोंद करतो, सही घेतो. ठासणीची रायफल मात्र टपालाने घरपोच येते. 1968 च्या बंदूक कायद्याने 1898 पर्यंतची हत्यारं, त्यांच्या नकला आणि नळीच्या तोंडातून काळी दारू ठासून भरायच्या बंदुका यांना पुराणवस्तूंच्या खात्यात टाकलं आहे. केंद्र सरकारच्या लेखी ती बंदूकच नव्हे. टपालवाली बाई लांबोळकं खोकं दाराशी टेकवते, बेल दाबते आणि निघून जाते. जी वस्तू इतकी सहज येते ती तितक्याच सहज दुरुस्तीला परतही पाठवता येते, आणि हे परत पाठवणं हाच ज्याच्या म्हातारपणाचा आधार आहे असा गृहस्थ या देशात गावोगाव सापडतो.

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या लँकेस्टर काउंटीतला असा एक नमुना आमच्यापासून तीन घरं सोडून राहतो. आमच्या घरात त्यांचं नाव ठासणीकाका. त्यांना ते ठाऊक नाही. त्यांच्या बायकोला आहे, आणि तिला ते पसंत आहे. काकांची उभी हयात विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारण्यात गेली. निवृत्त झाल्यावर ते पलीकडच्या बाजूला येऊन बसले, म्हणजे दावे करू लागले. दुसऱ्या बाजूचे सगळे डावपेच पाठ असल्यामुळे त्यांच्याशी फोनवर बोलणाऱ्या पोरांची मला नेहमीच दया येते.

काकांचं मन अठराव्या शतकात राहतं. शनिवार-रविवारी देहही तिकडेच जातो. हरणाच्या कातड्याचा अंगरखा, तिकोनी टोपी, कमरेला शिंगडं, शिंगड्यात काळी दारू. त्यांच्या मते जगाची घसरण 1807 साली सुरू झाली. त्या वर्षी फोर्साइथ नावाच्या एका स्कॉटिश पाद्र्याने ठिणगीऐवजी आघाताने पेटणाऱ्या चापाचं पेटंट घेतलं. चकमकीची बंदूक आधी बाहेर चमकते आणि मग उडते. ती चमक पाहून पाद्रीबुवांची पाखरं उडून जात, एवढंच कारण. त्यातून पुढे आघाताने पेटणारी केप आली आणि काकांच्या दृष्टीने सगळं संपलं. हल्ली ठासणीच्या नावाखाली प्लॅस्टिकचा दस्ता आणि दुर्बीण लावलेली जी धुडं विकायला असतात, त्यांचा विषय काढला की काका नुसते डोळे मिटून घेतात. पेनसिल्व्हेनियावर त्यांचं प्रेम आहे ते याचसाठी: इथे 1974 पासून नाताळानंतर हरणाच्या शिकारीचा एक खास हंगाम असतो, आणि त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते. गार, पोलाद, ठिणगी. केपवाल्यांनी घरी बसावं.

काकांसारख्यांच्या जत्रा भरतात. 1840 च्या आधीचं सोडून तिथे डोळ्यांना काही दिसता कामा नये असा दंडक. म्हणून बर्फाच्या पेटीवर घोंगडी पांघरतात. अशाच एका जत्रेत काका मला शिशाची गोळी तेल लावलेल्या कापडाच्या चकतीवर कशी बसवायची, गज कसा एका दमात खाली न्यायचा, हे दाखवत होते आणि त्यांच्या कातडी बटव्यात फोन वाजला. इकडेतिकडे पाहून ते तंबूत शिरले. आतून दबक्या आवाजात ऐकू आलं, "हो, मीच बोलतोय. ट्रॅकिंग नंबर सांगा, लिहून घेतो." थोडा वेळ शांतता. मग, "थांबा जरा. पिसाची लेखणी आहे, शाईत बुडवावी लागते."

फोन काकांच्या रायफलीबद्दलचा होता. तिचं नाव केंटकी रायफल. या जातीच्या बंदुका अठराव्या शतकात घडवल्या त्या आमच्याच लँकेस्टरच्या आसपास, जर्मन मुलखातून आलेल्या लोहारांनी. केंटकीचं नाव तिला नंतर चिकटलं. काकांनी ही घेतली 1976 साली, स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा. त्या सुमारास सगळ्या देशाला पूर्वजांचा उमाळा आला होता आणि लांब नळीच्या बंदुका धडाक्याने खपत होत्या. काका तिला 'आमच्या क्रांतीची रायफल' म्हणतात. मी ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली, तर नळीच्या बुडाशी बारीक शिक्के दिसले. त्यात 'एबी' अशी दोन अक्षरं. इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोंपियाच्या सरकारी तपासणीगृहात 1976 सालासाठी हीच अक्षरं शिक्क्यात मारत. ब्रेशियाजवळच्या या खोऱ्यात बेरेत्ता घराणं 1526 पासून नळ्या घडवतंय, आणि अमेरिकेच्या गोदामांत गेलेल्या कितीतरी 'पूर्वजांच्या' बंदुका तिथूनच निघाल्या. म्हणजे नाव केंटकीचं, घराणं पेनसिल्व्हेनियाचं, हात जर्मनांचे, कारखाना इटलीचा, आणि हे सगळं ऐकून घ्यायला समोर एक महाराष्ट्रीय. काका म्हणाले, "इटालियन लोकांनी कोलंबस दिला, तेव्हा रायफल दिली तर बिघडलं कुठे?"

बिघडलं होतं ते लॉकमध्ये. लॉक म्हणजे घोडा, कमान आणि घोड्याला अडवणाऱ्या खाचा असं बाजूला बसवलेलं सगळं यंत्र. घोडा अर्ध्यावर चढवला की तो तिथे गच्च अडकायला हवा. तीच बंदुकीची सुरक्षा. काकांचा घोडा अर्ध्यावर चढे आणि मन मानेल तेव्हा सुटे. आतल्या टंबलरची, म्हणजे घोड्याबरोबर फिरणाऱ्या चकतीची, खाच झिजली होती. पलीकडच्या गावातल्या बंदूक-कारागिराने तासाभरात ती घासून, पाणी देऊन परत केली असती. मी तसं सुचवलंही. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की विमा कंपनीत लोक कसे गप्प होत असतील ते मला कळलं. "बनवली कंपनीने," ते म्हणाले, "निस्तरेलही कंपनीच."

आपल्याकडे मिक्सरचं खोकं, बिल आणि वॉरंटी कार्ड माळ्यावर जपणारे एक काका प्रत्येक घरात असतात. हे त्याच गोत्रातले. 1976 ची पावती प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाकीट फायलीत, फाइल अग्निरोधक तिजोरीत. बंदूक मात्र दिवाणखान्यात खुंटीवर! पावतीवर 'आजीवन हमी' असे शब्द होते. आजीवन म्हणजे कुणाचं जीवन, यावर आयातदाराच्या माणसाशी त्यांची झालेली चर्चा मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ऐकली. ज्याने बंदूक विकली तो आयातदार मरून कैक वर्षं झाली होती. त्याचा व्यवसाय ज्याने घेतला त्याने तो तिसऱ्याला विकला होता. काकांचं म्हणणं असं, की हमी घेणारा मी जिवंत आहे, बंदूक जिवंत आहे, देणारा मेला तर तो त्याचा प्रश्न.

असल्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: बंदूक भरलेली आहे का? दुसराही ठरलेला: साफ केली होती का? हा दुसरा प्रश्न ऐकला की काकांचा कान लाल होतो. त्यात खोच आहे. काळ्या दारूत सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळल्यावर नळीत जो थर उरतो तो हवेतली ओल ओढून घेतो, आणि एक रात्र तशीच राहिली तर सकाळी नळी गंजू लागते. तो गंज कुठल्याच हमीत बसत नाही. म्हणून 'साफ केली होती का' हा प्रश्न म्हणजे दावा फेटाळण्याची पूर्वतयारी, आणि हे काकांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?

खरं तर काकांइतकी सफाई कुणी करत नसेल. स्वयंपाकघरातल्या मोरीत नळीचं बूड टेकवून ते कढत साबणपाणी ओततात. ते नळीच्या कानातून काळंकुट्ट बाहेर येतं आणि घरभर सडक्या अंड्याचा वास सुटतो. काकू खिडक्या उघडतात आणि बहिणीला फोन लावतात. मग गजाच्या टोकाला कापडाचे तुकडे. पहिला डांबरासारखा काळा, मग तपकिरी, मग करडा, मग पांढरा. पांढरा आलेला तुकडा काका दिव्यासमोर धरतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "करडाच आहे अजून."

खरी लाज दुसऱ्याच गोष्टीची. बोलता बोलता दारू ओतायची राहते आणि गोळी तशीच ठासली जाते. हे प्रत्येक ठासणीवाल्याच्या हातून होतं आणि एकही कबूल करत नाही. मग गजाला स्क्रू लावून ती गोळी कॉर्कच्या बुचासारखी ओढून काढावी लागते. काकांना मी एकदा गराजचं दार लावून, गजाला लोंबकळून हे करताना पाहिलं. म्हणाले, व्यायाम करतोय.

असंच एकदा मी त्यांना कोकणाबद्दल सांगितलं. तिथेही ठासणीची बंदूक असते, केपाची, वानर-रानडुकरांपासून शेत राखायला. पण तिला 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो, दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो, आणि निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचे हुकूम निघतात.

"मतमोजणी होईपर्यंत?"

"मतमोजणी होईपर्यंत."

काका बराच वेळ विचारात पडले. "आणि ही आचारसंहिता रानडुकरांना कोण कळवतं?"

तर काकांचं लॉक आयातदाराकडे गेलं. जायच्या आधी एक प्रसंग घडलाच. लॉक धरून ठेवणाऱ्या स्क्रूची खाच काकांच्याच हाताने बोथट झालेली, म्हणून पाठवण्यापूर्वी ते नवा स्क्रू आणायला लोखंडाच्या दुकानात गेले. बसेना. दुसरा आणला, तोही बसेना. अखेर आयातदाराकडच्या कारागिराला फोन केला. तो पोरगा अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, त्याचे आटे मेट्रिक आहेत."

काकांना मेट्रिक म्हणजे युरोपचं कारस्थान वाटतं. गोळीचा व्यास इंचात, दारूचं वजन ग्रेनमध्ये, हरणाचं अंतर यार्डात. त्यांनी उष्णतेचा अंश सेल्सियसमध्ये कधी ऐकूनही घेतलेला नाही. आणि क्रांतीच्या रायफलीच्या पोटात दोनशेव्या वर्धापनदिनापासून मिलिमीटर दडून बसलेले! त्या संध्याकाळी काका अंगणात आले नाहीत. काकू म्हणाल्या, "वाचत बसलेत. वॉशिंग्टनचं चरित्र."

सुटा भाग इटलीहून यायचा होता, आणि मध्ये ऑगस्ट आला. ऑगस्टात इटली बंद असते. सबंध देश मिळून सुट्टीवर जातो ही कल्पना काकांना पचेना, आणि त्यांनी पत्र लिहायला घेतलं. रोज सकाळी एक परिच्छेद. त्यात हमीची कलमं होती, अर्ध्या घोड्याचे धोके होते, चुकत चाललेल्या हंगामाची व्यथा होती, मेट्रिकवर एक स्वतंत्र प्रकरण होतं. थंडी सुरू होईपर्यंत पत्राने चांगलं बाळसं धरलं. काका मला ते वाचून दाखवत आणि मध्येच थांबून विचारत, "इथे 'संतापजनक' हवं की 'खेदजनक'?" इतका तृप्त माणूस मी क्वचित पाहिला आहे.

आणि डिसेंबरात लॉक परत आलं. नवा टंबलर, नवी कमान, नवा स्क्रू. आकार: शून्य. पाठवणीचाही खर्च नाही. वर हाताने लिहिलेली चिठ्ठी, की पन्नास वर्षांच्या मानाने आपण लॉक फार स्वच्छ ठेवलं आहे. काकांनी घोडा अर्ध्यावर चढवला. गच्च बसला. पुन्हा चढवला. पुन्हा गच्च. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"झालं ना काम?" काकू म्हणाल्या.

"काम झालं गं. पण पत्राचं काय?"

हंगामात काका रानात गेले. धुक्यात रंजक, म्हणजे पेटवणीची चिमूटभर दारू, ओलसर झालं, वाटीत नुसतं भस्स झालं, नळी काही उडाली नाही. हरणाने मान वळवून पाहिलं आणि चरायला लागलं. धुकं हमीत बसत नसल्यामुळे काका फार बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी पत्राखाली ताजा कलम घातला: 'दुरुस्ती उत्तम झाली. आभारी आहे.' आणि पत्र टाकून दिलं, पेटीत.

जानेवारीअखेर उत्तर आलं. आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली आहे. तपासणीसाठी कृपया लॉक पुन्हा पाठवावं.

काका तळघरात खोकं शोधायला गेले. जिना उतरताना शीळ घालत होते.