रिकाम्या कुंडीची राखण

खान्देशात सावली फुकट मिळत नाही. मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या आसपास गेला, की अंगणातल्या कडुनिंबाखाली माणसं, मोटारसायकली आणि पाण्याचा माठ गुण्यागोविंदाने नांदू लागतात. अशा मोक्याच्या जागी नुसत्या मातीची कुंडी मांडून बसणारा माणूस शेजाऱ्यांना जरा संशयास्पदच वाटतो.

"भाऊ, या कुंडीमा काय शे?"

"मे फ्लॉवर."

हा संवाद जानेवारीत होतो, त्यामुळे पुढचं हसू मी मनावर घेत नाही.

कंदवाली फुलझाडं वर्षातले काही महिने जमिनीखाली असतात आणि तेवढे दिवस त्यांची वकिली आपल्याला करावी लागते. पानं वाळून गेली, की घरातल्या प्रत्येकाला ती कुंडी म्हणजे मोकळा प्लॉट दिसू लागतो. आईला त्यात धणे पेरायचे असतात. झोपलेल्या कंदाला पाणी दिलं तर तो सडतो, हे तिला पटतं, "मग जागा कशाला अडवलीस?" हे मात्र ती विचारतेच.

याचं उत्तर सातपुड्यात आहे. सागाची पानं झडली, गवत वाळलं, की रान उघडंबोडकं होतं. नेमक्या त्या भकास दिवसांत रानातला कोळकांदा पानांची वाट न पाहता नुसता फुलांचा दांडा वर काढतो. आडवं यायला ना गवत ना पान. कीटकांना फुलं लांबून सापडतात. पानं मागाहून, पावसाबरोबर. विलायती स्नोड्रॉपची घाईही अशीच असते. झाडांना पालवी फुटून सावली दाटायच्या आत तो उरकून घेतो.

भुईचाफा तर दांड्याचाही खर्च करत नाही. उन्हाळ्यातल्या एखाद्या सकाळी थेट मातीतून पांढऱ्या, निमुळत्या पाकळ्या आणि त्यांच्यात एक जांभळी. वास घ्यायचा तर गुडघे टेकावे लागतात, आणि उठताना कडुनिंबाला धरावं लागतं. संध्याकाळपर्यंत फूल मान टाकतं.

मे फ्लॉवर मूळचा आफ्रिकेचा, पण इथे चांगला रुळलाय. आखाजीला लेकी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, घरात आमरस आणि खापरावरची पुरणपोळी. त्या गडबडीत किंवा मागाहून वळवाच्या सरीनंतर, दांड्यावर लालभडक गेंद उभा राहतो. जवळून पाहिलं, तर तो अनेक बारीक फुलांचा झुबका असतो. जानेवारीत हसलेली मंडळी आता फोटो काढतात आणि हळूच एखादा कांदा मागतात.

मी देतो, सूचनांसकट. सकाळचं ऊन, दुपारी सावली. पाण्याचा निचरा हवा. पानं हिरवी आहेत तोवर कापू नका, पुढच्या फुलाची शिदोरी तीच भरतात. ती वाळली की पाणी बंद. आणि हा कांदा घरी नेल्यावर स्वयंपाकघरातल्या टोपलीच्या आसपासही ठेवू नका. तो विषारी असतो.