जलदिनाचे प्रमुख पाहुणे

पाणी या विषयावर बोलायचा माझा अधिकार मोठा आहे. २००८ साली बेळगावातल्या ज्या दहा वॉर्डांत नळाला चोवीस तास पाणी द्यायचा प्रयोग सुरू झाला, त्यांतल्या एकात माझं घर आहे. राकसकोपचं म्हणा, हिडकलचं म्हणा, रात्री तीनला तोटी फिरवली तरी पाणी हजर. असा माणूस पाणीटंचाईबद्दल फार तळमळीनं बोलू शकतो. ज्याला पहाटे उठून हंडे भरायचे असतात, त्याला तळमळायला सवड कुठली!

निपाणीजवळ वेदगंगेच्या काठाला आमचं मूळ गाव. तिथं वडिलांनी ठेवलेली दोन एकर जमीन आहे, ती वाटेकरी कसतो आणि मी तिचा अभिमान बाळगतो. गावातल्या मराठी शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन आला, "बावीस मार्चला जलदिन हाय, प्रमुख पाहुणे म्हणून या." बँकेतून निवृत्त झाल्यापासून मला 'प्रमुख' कुणी म्हटलं नव्हतं. मी दोन दिवस वही भरत बसलो. संयुक्त राष्ट्रांनी १९९३ पासून हा दिवस पाळायला सुरुवात केली, इथपासून तयारी.

व्हरांड्यात बॅनर होता, वर कन्नड, खाली मराठी. पोरांनी घोषणाही दोन्ही भाषांत दिल्या, कन्नड घोषणा जरा जास्त जोरात, कारण त्या दिवशी केंद्रावरचे साहेब येणार होते. ते आले नाहीत. सगळं भाषण माझ्याच वाट्याला आलं.

सुरुवात मी इतिहासानं केली. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते, आणि ते अध्यक्ष झाले असं हे एकच अधिवेशन. हजारो माणसांना प्यायला पाणी हवं म्हणून टिळकवाडीत विहीर खोदली, तिचं नाव पंपा सरोवर. "मुलांनो, आधी पाणी, मग स्वातंत्र्य!" मी टाळ्यांसाठी थांबलो. पुढच्या रांगेतल्या एकानं बोट वर केलं.

"किती परस खोल हाय ओ, सर?"

दुसरा म्हणाला, "उन्हाळ्यात आटतीय काय?"

तिसऱ्याला मोटर किती एचपीची लागते ते हवं होतं. मी त्या विहिरीवरून रोज फिरायला जातो. पोरांना गांधीजी पाठ होते, त्यांना विहीर हवी होती. मी घड्याळ बघितलं आणि पान उलटलं.

पुढचं पान पावसाच्या पाण्याचं. हे माझं आवडतं, कारण हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरचं छप्पर आणि वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस धरा, झालं एक लाख लिटर! "आणि आपण ते गटारात घालवतो!" मी मूठ आपटली.

वेणीला लाल रिबिनी बांधलेली एक मुलगी उभी राहिली. "सर, पुरात आमच्या घरात कंबरभर पाणी आलं हुतं. ते वाचवाय पायजे हुतं काय?"

ही तीच वेदगंगा, जिनं २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत यमगर्णीपाशी पुणे-बेंगळुरू हायवे बंद पाडला होता. मी म्हणालो, "नाही बाळ, छपरावरचं तेवढं."

"छप्परच गेलतं," ती म्हणाली आणि खाली बसली.

बाईंनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. मी गटागटा प्यायलो आणि घाईघाईनं दातांकडे वळलो. दात घासताना नळ बंद ठेवा, दर वेळी पाच लिटर वाचतात. हे वाक्य कुठल्याही शाळेत चालतं, त्यावर आजवर कुणी हरकत घेतलेली मी ऐकली नव्हती.

मागच्या रांगेतला एक किडकिडीत पोरगा म्हणाला, "सर, आमच्या आज्ज्याचा एकरभर ऊस हाय. त्याला किती लिटर लागतंय?"

आकडेमोड हा माझा प्रांत. मी खडू घेतला. लागणीपासून तोडणीपर्यंत उसाला रानभर दीड ते अडीच मीटर उंचीचं पाणी लागतं. आपण दोन धरू. एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. आठ हजार घनमीटर, म्हणजे ऐंशी लाख लिटर. फळ्यावर शून्यं मांडताना मला फार बरं वाटत होतं. रोजचे पाच लिटर वाचवले तर किती दिवस लागतील? सोळा लाख. भागिले तीनशे पासष्ट. पोरं माझ्याआधी ओरडली, "चार हजार तीनशे त्र्याऐंशी वर्षं!"

म्हणजे मोहेंजोदडो ऐन भरात असताना ज्यानं नळ बंद करायला सुरुवात केली, तो आता कुठे एका एकराचं पाणी फेडून मोकळा झाला असता. तेही एकाच उसाचं. खोडवा धरलाच नाही.

"आज्जा कवळी घालतोय," पोरगा विचारात पडला. मग त्याची नजर माझ्यावर आली. "सर, तुमचा ऊस किती हाय? वड्याकडचं रान तुमचंच न्हवं? वाटेकरी रात्री पाणी सोडून निजतोय, बांध फुटून रस्त्यावर येतंय. आमी सकाळी चपला हातात घेऊन शाळंला येतोय."

मी फळा पुसला. अख्खा पुसला.

आता शब्दांनी भागणार नव्हतं, प्रात्यक्षिक हवं होतं. गळक्या नळातून दिवसाला किती पाणी जातं ते दाखवायला मी सगळ्यांना मागच्या टाकीपाशी नेलं. गच्चीवर हजार लिटरची सिंटेक्सची टाकी, खाली प्लास्टिकचा नळ. नळ मुळीच गळत नव्हता. थेंब पाडायला मी तो थोडासा फिरवला. पडेना. आणखी थोडासा फिरवला. आटे झिजलेले असावेत, कारण पुढच्या क्षणी नळ माझ्या हातात होता आणि पाण्याची धार माझ्या सदऱ्यावर.

बुडाला अंगठा लावावा एवढं मला सुचलं. धार बाजूनं फाकली आणि जलदिनाचा बॅनर भिजला. पोरं मात्र ओरडली नाहीत, पळाली. बघता बघता बिसिऊटाची, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाची पातेली, बादल्या, घागरी, कुणाचं दप्तर रिकामं करून आणलेला डबा, असं सगळं रांगेनं त्या धारेखाली आलं. रिबिनीवाल्या मुलीनं मक्याचं एक बुरकुंड शोधून काढलं, त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, माझा अंगठा बाजूला केला आणि दगडानं ठोकून बसवलं. एक थेंब गळेना. टाकी तोवर निम्म्याच्या खाली गेली होती आणि लाइट संध्याकाळशिवाय येणार नव्हती.

जेवणानंतर ताटं धुण्याची पद्धत बघितली. पहिल्या बादलीत खरकटं काढायचं, दुसरीत विसळायचं, पहिलीचं पाणी शेवग्याच्या बुडात. शिकवलं कुणी, असं मी विचारलं तर बाई म्हणाल्या, "शिकवायचं काय त्यात? टाकी केवढी हाय!" माझं ताट धुवायला त्यांनी एका पोराला सांगितलं. मला बादलीजवळ कुणी जाऊ दिलं नाही.

आभार मानताना बाईंनी पुढच्या वर्षीचंही आमंत्रण दिलं. "येताना तेवढा एक पितळी नळ घेऊन या, सर. प्लास्टिकचा नको."

ओला सदरा घेऊन स्टँडकडे निघालो तर वाटेत वाटेकरी सायकल घेऊन उभा. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"सायेब, शाळंची टाकी निम्मी केलासा म्हणं?"

मी उसासा सोडला आणि आवाज चढवून त्याला बांध, रस्ता, पोरांच्या चपला आणि ठिबक सिंचन हे सगळं एका दमात ऐकवलं. ठिबकचा निम्मा खर्च मी घालीन, असंही बोलून गेलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"ठिबक कराय पायजेच. पण आज रात्री थ्री फेज दोन वाजता येतीया. दिवसा कधी लाइट देत्यात? मी एकटाच हाय. तुमी ऱ्हावा की, बॅटरी धरा, मी दारं धरतो. एक थेंब रस्त्यावर जाणार न्हाई."

मला बेळगावची बस गाठायची होती.